काट्यांआडचे तीन दिवस

चौऱ्याऐंशीचा मार्च. मी लष्करात हवालदार, नर्सिंग असिस्टंट. पोस्टिंग कर्नाटकच्या जंगलातल्या ट्रेनिंग कॅम्पवर. रामाकोन्याचा नाईक देवराव गजभिये त्याच कॅम्पवर होता. दोघं एकदमच रजेवर निघालो. माझं गाव मोहगाव, रामाकोन्याच्याच भागातलं.

पाचव्या दिवशी सकाळी त्याची बायको शांता माझ्या दारात आली. "भाऊ, त्यायचा ताप उतरूनच नाई राहिला."

दुपारी दोनला रामाकोन्यात त्याच्या घरी पोचलो. ताप एकशेचार. डोळे लालभडक, डोकं आणि पिंढऱ्या ठणकत होत्या. एवढ्या तापात नाडी मात्र मंद, बहात्तर. हिरड्यांतून रक्त येत होतं. कॅम्पजवळ माकडं मरून पडत होती, तेव्हा असे तीन जवान आमच्या दवाखान्यात आले होते.

"देवराव, गोचीड चावली होती?"

"काखेत. निघायच्या आदल्या दिवशी उपटून फेकली."

माकडताप. शांताला बजावलं, "ॲस्पिरिन द्यायची नाही. दंडात सुई टोचू द्यायची नाही, रक्त थांबणार नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं." जवळच्या सौंसरच्या डॉक्टरांना बस कंडक्टरच्या हाती चिठ्ठी धाडली आणि रात्री देवरावपाशीच थांबलो.

पहाटे पाहिलं तर दारापुढे बाभळीचे काटे रचलेले. पलीकडे सरपंच.

"हवालदार, आता तुमी बी बाहेर नका येऊ."

"हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही. गोचिडीनं होतो."

"मंग तुमचे डोळे काऊन लाल?"

"रात्रभर जागा आहे."

"घरातच राहा."

पाण्याची घागर काट्यांपाशी ठेवून लोक मागे सरत. दर दोन तासांनी ताप, नाडी, लघवी वहीत लिहायची. दुसरं हातात काही नव्हतं. खोलीला एकच खिडकी, तीही त्यांनी बाहेरून लावलेली.

डॉक्टर दौऱ्यावर होते. तिसऱ्या दिवशी अकराला जीप आली. काट्यांच्या फटीतून ते आत आले, सलाईन लावून म्हणाले, "यावर औषध नाही. रक्त द्यावं लागेल. नागपूर." तेवढ्यात देवरावला रक्ताची उलटी झाली. काटे हटवायला गावातलं कोणी पुढे आलं नाही. मी आणि ड्रायव्हरनं काटे ओढले. देवरावला जीपमध्ये निजवेपर्यंत अर्धा तास गेला.

सौंसर मागे पडल्यावर देवरावनं माझा हात धरला. "गावात काय सांगशीन? लढाईत तर नाई मेलो."

"ड्युटीवर लागलेला ताप."

"लिहून दे."

वहीत लिहिलं, त्याला वाचून दाखवलं. एक वाजून दहा मिनिटांनी नाडी थांबली.

संध्याकाळी रामाकोन्यात खांदा द्यायला डॉक्टर, ड्रायव्हर आणि मी. गाव लांब उभं होतं. शांतानं पदर खोचला आणि चौथा खांदा दिला.

नाईक देवराव गजभिये. वय एकतीस.