शुक्रावरचं झाड

माझे धाकटे दीर कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा साचा पाठवतात, आणि भाऊजी मागच्या खोलीत बसून त्यावर मेण चढवतात, दात बसवतात, घासून चकाकी आणतात. केसाएवढा फरक पडला तरी माणसाला जेवता येत नाही. सगळा धंदा डोळ्यावर. खोलीत फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात. दिवा लावल्याशिवाय मी तिथे पाऊल टाकत नाही. मी भूतबीत मानत नाही, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले आहे. पण इतकी तोंडं उघडी आणि आवाज एकाचाही नाही, हे मला सोसत नाही.

खोलीमागे परस आणि परसात त्यांची दुर्बीण. ती एका दवाखान्याने मोडीत काढलेल्या दातांच्या खुर्चीच्या बैठकीवर बसवली आहे. पायाने दाबलं की सुळकन वर येते. शनीची कडी दाखवली तेव्हा शेजारीण म्हणाली, "आत चित्र चिकटवलंय ना?" भाऊजींनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

मग त्यांनी एक नवं भिंग आणलं. वाटाण्याएवढं, पण जोरदार. आणि शुक्रावर झाड दिसायला लागलं.

"पानं नसलेलं," ते म्हणाले. "एका बाजूला खोड, आणि सगळ्या गोळ्यावर फांद्या."

"इथल्या कुंड्या वाळल्यात त्या दिसत नाहीत," माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "आणि शुक्रावरचं झाड दिसतंय!" तिने डोळा लावून पाहिला, तर तिला स्वतःच्या पापण्यांखेरीज काही दिसलं नाही. तिचं खरं दुखणं वेगळं होतं. दोन कवळ्या परत आल्या होत्या, तिरप्या बसल्या म्हणून. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. भाऊजी साच्यांना दोष देत होते.

मी डोळा लावला. शुक्र पांढराफेक, कडेने थरथरणारा. आधी काहीच नाही. मग पाण्यातून एखादी गोष्ट वर यावी तसं ते आलं. काळसर, बारीक, फाटे फुटत गेलेलं. अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला सांगू?

"खोड उजवीकडे ना?" भाऊजींनी विचारलं.

"डावीकडे."

"आणि खालच्या फांदीजवळचा डाग?"

"कसला डाग?"

त्यांनी पुन्हा डोळा लावून पाहिलं. "तिळाएवढा होता, वहिनी. वाढतोय. ते झाड कशाने तरी सडतंय."

"एका ग्रहावर दोघांना दोन झाडं दिसत नसतात," मी म्हटलं. "भिंगाला बुरशी लागली असेल. फिरवा ते."

त्यांनी भिंग फिरवलं. झाड हललं नाही. पुसलं, नळीसुद्धा फिरवली. झाड तिथेच.

"आता मान तिरकी करा."

"मान कशाला?"

"वाद नको. करा."

त्यांनी मान तिरकी केली, आणि तशीच ठेवली. कितीतरी वेळ.

"वहिनी," ते म्हणाले, "झाडही वाकलं."

परसात अंधारून येत होतं. "म्हणजे ते आहे तरी कुठे?" जावेने विचारलं.  भाऊजींनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला, आतल्या कशाला तरी धक्का लागू नये अशा बेताने.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"डोळा गेलाय असं लोकांना कळलं, तर मला काम कोण देईल?"

"आणि न कळता गेला तर देतील वाटतं?"

दवाखान्यात यंत्राच्या पडद्यावर भाऊजींच्या डोळ्याच्या आतला नारिंगी गोळा उमटला. त्यावर झाड. डॉक्टरीणबाई तोंड उघडायच्या आत भाऊजींनी बोट टेकवलं. "हेच. फक्त उलटं आहे. आणि हा डाग."

"तुम्हाला कसं माहीत?"

"रोज बघतो," भाऊजी म्हणाले. "संध्याकाळी."

बाईंनी समजावलं. फांद्या म्हणजे डोळ्यातल्या रक्तवाहिन्या. भिंगातून सुईएवढा प्रखर उजेड आत शिरला की त्यांची सावली डोळ्याच्या पडद्यावर पडते. भाऊजींनी लावला तो डोळा उजवा, मी लावला तो डावा, म्हणून झाडं वेगळी. डाग मात्र रक्ताचा होता. अंगातली साखर वाढलेली आणि कुणाला पत्ता नाही. आणखी पसरता तर नजरेच्या मधोमध आला असता. लेझर झालं. आता वाढायला नको, बाई म्हणाल्या. "वाढणार नाही" असं म्हणाल्या नाहीत, हे भाऊजींनी बरोबर ऐकलं.

कवळ्या आता परत येत नाहीत. डॉक्टरांची तपासणीही होते, पण भाऊजींचा भरवसा शुक्रावर. तो दिसायचा तोवर रोज उजवा डोळा लावायचे. आम्ही दोघी मागे श्वास रोखून उभ्या. "डाग आहे तेवढाच," ते म्हणायचे, मग जाऊ चहा टाकायला आत जायची.

सध्या शुक्र सूर्याजवळ गेला आहे, दिसत नाही. भाऊजी तरी संध्याकाळी परसात येतात. दुर्बिणीचं झाकण काढत नाहीत. डोळे मिटून खुर्चीच्या बैठकीला टेकून उभे राहतात.

"काय बघताय?" काल जावेने विचारलं.

"काही नाही. आत अंधार आहे," ते म्हणाले. "अंधारात डाग किती वाढला, कळत नाही."

 मी आत गेले आणि उद्याचीच तपासणी मागायला डॉक्टरीणबाईंना फोन लावला.