साडूंची पोटगी

आमच्या साडूंइतका निष्ठावान नवरा अख्ख्या रायपुरात झाला नाही. फक्त ही निष्ठा त्यांना घटस्फोटानंतर सुचली. त्याआधीची नऊ वर्षं ते घरी किती वाजता येतील हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसे. ऑफिस सुटलं की मित्र, मित्र सुटले की कॅरम. माझ्या बायकोची धाकटी बहीण सुनंदा रोज ताट झाकून वाट पाही. एक दिवस ते झाकलेलं ताट तसंच ठेवून ती आमच्याकडे निघून आली, ती परत गेलीच नाही. कोर्टाने घटस्फोट दिला, पोटगी ठरवली, आणि इतकी वर्षं हरवलेला वक्तशीरपणा साडूंना एकदम सापडला.

पुढच्या बारा वर्षांत आमच्या बुढापारा मोहल्ल्यातला एकही पानठेला असा उरला नाही, जिथे उभं राहून त्यांनी त्या पोटगीच्या नावानं बोटं मोडली नाहीत. पण पहिल्या तारखेला सकाळी दूधवाल्याच्या आधी सुनंदाच्या खात्यात पैसे पडत. मोबाइलवरून पाठवायची सोय झाल्यापासून ते सोबत शेराही लिहीत: ‘अन्याय’, पुढच्या महिन्यात ‘पुन्हा अन्याय’, आणि ऑक्टोबरात ‘दिवाळीनिमित्त अन्याय’. गंमत म्हणजे रक्कम ते दरवर्षी आपणहून वाढवीत. विचारलं तर म्हणत, “महागाई पाहून नाही राहिले का तुम्ही? लोक मले काय म्हणतीन?” रविवारी पोहे खायला मात्र ते आमच्याकडेच येत. आता आपलं नातं तसं उरलं नाही, असं मी एकदा भीत भीत सुचवलं, तेव्हा लिंबू पिळता पिळता ते म्हणाले, “घटस्फोट सुनंदाचा झाला, साडभाऊ. तुमचा-माझा नाही झाला.”

आणि मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर सुनंदानं दुसरं लग्न केलं. नवरा भिलाईचा, रेल्वेतून निवृत्त झालेला, विधुर, कमी बोलणारा. ही बातमी साडूंना सांगायचं शौर्य माझ्या वाट्याला आलं. मला वाटलं, माणूस पेढे वाटेल. मी म्हणालो, “सुटले तुम्ही! तिनं लग्न केलं, आता पोटगी बंद करून घ्या.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “काहून बंद करू? नवरा बदलला म्हणून भूक बदलते का?”

पुढच्या पहिल्या तारखेला त्यांनी पैसे पाठवले. सुनंदानं परत पाठवले. त्यांनी पुन्हा पाठवले, तिनं पुन्हा परत केले. बारा वर्षांत त्या दोघांत इतकी देवाणघेवाण कधी झाली नव्हती. वकील म्हणाले, हुकूम रद्द करून घेण्यासाठी अर्ज करावा लागेल. साडू अर्ज करीनात, तेव्हा शेवटी सुनंदानंच केला. घेणारीच नको म्हणते आणि देणारा अडून बसतो, असा खटला त्या कोर्टानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

न्यायाधीशबाईंनी साडूंना विचारलं, “आपको कोई आपत्ति है?”

बारा वर्षांचं भाषण तयार असलेला हा माणूस एवढंच म्हणाला, “आदत हो गई है, मैडम.”

“आदत के लिए अदालत आदेश नहीं देती,” असं म्हणून बाईंनी सही केली. दोन मिनिटांत सगळं संपलं.

बाहेर सुनंदा थांबली होती. तिचा नवरा शहाण्यासारखा दूर, गाडीपाशी उभा राहिला.

“शुगर तपासता का?” तिनं विचारलं.

“हव.”

“बारा वर्षांत तुमचा एक महिना चुकला नाही,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत होती. “इतक्या वेळेवर तुम्ही घरी कधीच नाही आले.”

ती गेली. साडू माझ्या स्कूटरवर मागे बसले. सदर बाजारातल्या गर्दीत त्यांनी एकदम माझा खांदा दाबला. “थांबा. आहेर राहून गेला तिचा.”

साड्यांच्या दुकानात ते गादीवर मांडी घालून बसले. गुलाबी नको, भडक होते; जरीचा काठ नको, तिच्या मानेला टोचतो; असं म्हणत त्यांनी वीस-पंचवीस साड्या बाजूला सारल्या आणि जांभळ्या रंगाची एक साधी साडी मांडीवर ओढून घेतली. दुकानदार खूश झाला. “पसंद तो पक्की है आपकी, भैया. किसके लिए ले रहे हैं?”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. साडीची घडी हातानं नीट सारखी केली.

“इनकी साली के लिए,” ते म्हणाले.