हाडातला आळस

'बोन आयडल' असं फळ्यावर लिहून इंग्रजीच्या सरांनी मला उभं केलं. "वाक्यात उपयोग कर. म्हण, माय फादर इज बोन आयडल."

मला अर्थ माहीत नव्हता. सरांनीच सांगितला. "हाडापर्यंत आळशी. काही लोकांच्या हाडातच असतो आळस. हिचा बाप बघा, दिवसभर विहाराच्या ओट्यावर बसलेला असतो."

वर्ग हसला. सरांच्या जिभेला हाड नव्हतंच. पण त्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणून जास्त झोंबलं. पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात सरांची केळीची बाग. माझा बाप तिथे घड वाहायचा. घड घेऊन गाडीवर चढताना पडला, खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घातली. तेव्हापासून ओटा. सर बघायलाही आले नाहीत.

"म्हण," सर म्हणाले.

माझी शाळेतली मराठी पळाली. घरची बोली तोंडातून निघाली. "मना बापना हाडमा आळस नही शे, सर. सळई शे. तुमनाच बागमा पडना तो."

वर्ग पुन्हा हसला. माझ्या 'शे'ला. सर म्हणाले, "आधी मराठी शीक." आठवडाभर दाराबाहेर बसवलं मला. आमच्या वस्तीतल्या पोरींनीही मान वर केली नाही. त्यांचेही बाप त्याच बागेत जात.

घरी बापाने विचारलं, "काय शिकाडं आज?"

"काही नही," मी म्हटलं.

पुढे काही वर्षांनी बाप गेला. सर निवृत्त झाले तेव्हा चौकातल्या फलकावर 'हाडाचे शिक्षक' असं छापलं होतं. ते वाचून मी आधी हसले, मग रस्त्यातच रडले.

आता मी जळगावात तासिकेवर इंग्रजी शिकवते. शब्दकोशात पाहिलं, 'आयडल'चा जुना अर्थ 'रिकामा'. कामचुकार हा अर्थ मागाहून चिकटला. पण शब्दाचं मूळ सापडून काय होतं? परवाच गणिताचे सर म्हणाले, "तुमचं बरं आहे मॅडम, सगळं आयतं मिळतं." काही बदललं नाही. बदलेल असं मला वाटतही नाही.

तरी 'बोन आयडल'चा धडा आला की मी कोणाला उभं करत नाही. वाक्य मीच लिहिते. 'माय फादर वॉज नॉट बोन आयडल.' खाली घरच्या बोलीत, 'मना बाप आळशी नव्हता.' पोरं हसतात. हसू देत.

तास संपल्यावर मी फळा पुसत नाही. पुढचा तास गणिताच्या सरांचा. त्यांनी वाचावं आणि आपल्या हाताने पुसावं.