डाव्या बाजूची वीतभर जागा

कासिल्दाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. माद्रिदच्या बाजारात दुपारपर्यंत मासे साफ करायचे, हात लिंबानं घासायचे आणि संग्रहालयात येऊन चित्र काढायचं. तिथे मी सुतार होतो. कॅनव्हास ताणायच्या चौकटी मीच ठोकायचो.

शिकवणी परवडत नव्हती. म्हणून ती एका जुन्या उस्तादाच्या चित्राची नक्कल करून शिकत होती. काळ्या झग्यातली सरदारीण, एकटीच उभी. नक्कल मूळ चित्राच्या मापाची नको, हा नियम. म्हणून तिनं चौकट डावीकडे वीतभर रुंद करून घेतली. संग्रहालयाच्या तपासनिसाचा शिक्का बसल्याशिवाय नक्कल बाहेर नेता येत नसे. ही नक्कल बघितल्यावरच एक पाववाला तिला आपल्या बायकोचं चित्र काढायला सांगणार होता. तिचं पहिलं काम.

चेहरा तिनं इतक्यांदा खरवडला की कापडाचे धागे दिसायला लागले. शेवटी साधला. मग त्या वीतभर जागेत तिनं एका पोराचा हात काढला, झगा घट्ट धरलेला.

तपासनीस इलारियोसाहेब वाकून बघत म्हणाले, "बाई, मासळीचा वास सोसतो मी. पण हा हात कुठून आणलास?"

"तिथेच आहे, साहेब."

"कुठे? माझे डोळे गेलेत, तूच दाखव."

तिला दाखवता येईना.

"बुजव. नाहीतर शिक्का विसर."

तिनं बुजवला. दुसऱ्या दिवशी बोटं परत दिसत होती. पुन्हा बुजवला, पुन्हा तेच.

"रंग पातळ लावतेस," मी म्हणालो.

"मग मिस्त्री, तुम्हीच लावा की!"

मी चांगला जाड थर दिला. सकाळी बोटं वर आलेली.

त्याच आठवड्यात मूळ चित्राच्या फ्रेमला कीड दिसली. साहेबांसमोर मी चित्र उतरवलं, फ्रेम काढली. डावीकडचं कापड चौकटीमागे दुमडून ठोकलं होतं. खिळे गंजून लाकडात मुरलेले. एकेक उपसला, दुमड उलगडली. आत झगा धरलेली चार इवली बोटं. त्यापुढचं कापड कापलेलं.

साहेबांनी छातीवर क्रूस काढला.

"फेर्मीन, तू तिला बोलला होतास?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं, साहेब?"

त्यांनी नकलेवर शिक्का मारला, तिच्याकडे न बघता.

पाववाल्यानं बायकोचं चित्र काढून घेतलं, पैसे रोख दिले. ते सगळे तिनं माझ्या बाकावर ठेवले.

"मिस्त्री, नवी चौकट ठोका. कापडही यातच आणा. डावीकडे आणखी रुंद हवी."

"किती?"

"पोर अख्खं मावेल एवढी. केव्हाचं बाहेर उभं आहे ते."