भिंतीवरचं दार
गेरू कालवल्याचा वास आला की उंद्रीच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. रोहिणखेडला मावशीचं घर जळालं, त्यात तिची दोन्ही लेकरं गेली. तेव्हापासून ती आमच्याकडे होती. पोलीस पाटलाने खोदून विचारलं, तरी तिने तोंड उघडलं नव्हतं. त्या दुपारी आई भिंतीला गेरूचा पट्टा देत असताना मावशी अचानक उठली. गेरूत बोट बुडवून तिने वरच्या पांढऱ्या भिंतीवर दार काढलं, आत दोन लहान पोरं, आणि दाराला बाहेरून कडी. आईचा हात थांबला. मी बाजूलाच उभी होते. "कडी कोनं लावली वं?" आईने हळूच विचारलं. "म्याच लावली. पान्याले गेलती. पोरं मांगं इहिरीवर येतीन म्हनून." आई ते चित्र बघत मावशीजवळ बसून राहिली. नुसतं असं जवळ बसणं किती कठीण असतं, हे मला आता कळतं.