मृणालिनी दुसरी

चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. बोरिवलीला आमच्या शेजारी मधुकर राहायचा, कचेरीत हेडक्लार्क. त्याची पहिली बायको मृणालिनी बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत त्यानं दुसरी आणली, वसईची कुंदा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. यानं लिहिलं, मृणालिनी. कुंदाच्या सासूबाई म्हणाल्या, "तोंडात बसलंय तेच बरं." जुनं भांडं मोडीत काढलं आणि नव्यावर तेच नाव घातलं, असा हा प्रकार. मला तेव्हाच संताप आला होता.

त्या नावानं हाक मारली की कुंदा दचकून मागं बघायची. अंगावर मेलेलीची लुगडी, आणि वर "ती भाकरी पातळ करायची हो" हे रोजचं. दोन वर्षांत पोरगी वाळून गेली. जेवण तुटलं, झोप उडाली. भिंतीला टेकून बसायची आणि हाकेला ओ देईना. सासूबाईंनी निदान केलं, सवतीनं धरलंय. मधुकर म्हणाला, भगताला दाखवू, नाहीतर ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवू. तिला कोणी काही विचारलं नाही.

अमावास्येच्या दुपारी मनोरीचा हरेश्वर भगत आला. कुंदाला धड बसवत नव्हतं, म्हणून मी तिला धरून बसले. धूप पेटवून त्यानं सगळ्यांना बजावलं, "अंगातलं बोललं की जे मागंल ते द्यायचं. नाय म्हटलं तर घराची वाट लागंल." सासूबाईंनी देवावर हात ठेवून शपथ घेतली.

"बोल, कोण हायस तू?"

सगळे मृणालिनीची वाट बघत होते. कुंदा ताठ झाली.

"मी कुंदा."

भगत गडबडला. जिवंत बाईनं त्याला असं उत्तर कधी दिलं नसणार. पण बाबा नियमाचा पक्का. "काय पायजे तुला?"

"माझं नाव. आणि मी ठाण्याला जाणार नाही."

सासूबाईंनी तोंड उघडलं. भगत म्हणाला, "आजी, शपथ घेतलीस ना?"

मधुकर खाली बघत पुटपुटला, "कुंदा."

"मोठ्यानं," मीच म्हटलं.

"कुंदा."

"ओ," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायला पदर पुरेना.

भगतानं नारळ उचलला. "आता सोडून जाशील ना?"

"मी कशाला जाऊ?" कुंदा सासूबाईंकडे वळली. "मृणालिनीताईंना जाऊ द्या. मेल्यावरही बिचाऱ्या तुमच्याकडे राबतायत."