उसना आणलेला बोर्ड

माझा धाकटा भाऊ जुनी गेमची मशिनं दुरुस्त करतो. ती नाणं टाकून खेळायची, कपाटाएवढी लाकडी धुडं असतात ना, वर पडदा आणि खाली दांडा, ती. आता ती कुणी बनवत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे आहेत ते जिवापाड जपतात आणि बिघडली की आमच्याकडे आणतात. आमची पुढची खोली अर्धी त्याची आणि अर्धी माझी. माझ्या बाजूला शिलाईचं मशीन, त्याच्या बाजूला वायरींचं जंजाळ. पँट आखूड करायला आलेला माणूस आधी दारातच थबकतो, आपण चुकून दुसरीकडे तर शिरलो नाही ना म्हणून.

भाऊ पन्नाशी ओलांडलेला, बिनलग्नाचा आणि तोंडाचा फटकळ. बायको टिकली नसती, बहीण टिकली, कारण मला दुसरीकडे जायला जागा नव्हती. त्याचं एकच पालुपद. कुणी सांगायला लागलं की चित्र हलतंय, आवाज घोगरा येतोय, की हा हात वर करणार. “आधी वीज मोजली का? मशीनच्या आतल्या सर्किट बोर्डाला पाच व्होल्ट लागतात. मोजली नसेल तर पुढचं बोलू नका.” माझी इस्त्री तापेना तेव्हासुद्धा मला हेच ऐकवलं. ती इस्त्री त्याच्या डोक्यात घालायचीच बाकी ठेवली होती मी.

तर एका कॅफेवाल्या बाईंचं मशीन आलं. पडद्यावर चित्राच्या जागी नुसता रंगीत कचरा, आणि मशीन आपलं आपणच बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. कॅफेचं उद्घाटन तोंडावर आलेलं, बाई डोक्यावर उभ्या. भावाने मीटर लावला. बोर्डापर्यंत वीज कमी पोचत होती, कारण बोर्ड ज्या पट्टीत खोचतात तिच्या पिना काळ्या पडल्या होत्या. त्या साफ करायला वेळ लागणार आणि बाई काही हलेनात. मग त्याने वीजपुरवठ्याच्या डब्यावरचा बारीक स्क्रू फिरवला आणि व्होल्ट वाढवून ठेवले. “तात्पुरतं,” मला म्हणाला. चित्र आलं, बाई खूश होऊन गेल्या, मशीन उरलेल्या कामासाठी आमच्याकडेच राहिलं.

पण खेळातल्या विमानावर उभ्या रेघा राहिल्याच. बोर्डावरची एखादी चिप गेली असणार किंवा दोष पडद्याकडे असणार. ते ठरवायला तसाच दुसरा चांगला बोर्ड लावून बघावा लागतो. आणि तसं मशीन गल्लीच्या टोकाला घड्याळवाल्या काकांच्या घरात होतं.

काकूंची उजवी बाजू लकव्याने गेली होती. दवाखान्यातून हातात दाबायला रबरी चेंडू दिला, तो काकूंनी डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. “मी काय लहान बाळ आहे?” म्हणाल्या. मग काकांनी दुकानात धूळ खात पडलेलं मशीन घरी आणलं आणि दांडा त्यांच्या उजव्या मुठीत दिला. काकूंना त्या खेळाचं असं काही वेड लागलं की विचारू नका. रोज दुपारी बसायच्या, विमान पडलं की मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आणि हळूहळू बोटं वळायला लागली. त्या हाताने त्या चमचा धरून जेवायला लागल्या होत्या. भाऊ बोर्ड मागायला गेला तर काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. स्वतःच काढून दिला, टॉवेलात गुंडाळून.

भावाने तोवर काळ्या पिना घासूनपुसून लख्ख केल्या होत्या. आता वीज पूर्ण पोचणार होती. आणि स्क्रू तसाच वाढवलेला होता, म्हणजे बोर्डाला पाचाच्या वर व्होल्ट जाणार. काकांचा बोर्ड खोचला आणि बटण दाबलं. मीटर समोर टेबलावर पडला होता, तो त्याने उचलला नाही. सगळ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाने!

मी पँटची पट्टी दुमडत होते. करपल्याचा वास आला, वाटलं गॅसवर काही राहिलं. वळून बघते तर भावाने वायर उपटली होती आणि एका चिपवर बोट टेकवून झटक्यात मागे घेतलं होतं. मग त्याची नजर स्क्रूवर गेली. मग माझ्यावर.

व्होल्ट खाली आणून त्याने पुन्हा लावून पाहिलं. चित्र आलं, पण ती चिप चटका बसेल इतकी तापत होती. “ही किती टिकेल?” मी विचारलं. “टिकली तर टिकेल.” “आणि नाही टिकली तर?” त्याने बोर्ड टॉवेलात गुंडाळायला घेतला. कॅफेवाल्या बाईंचं काम मात्र फत्ते झालं. त्यांच्या बोर्डातला दोष सापडला आणि मशीन वेळेवर गेलं.

काकांचा बोर्ड त्याने जाऊन स्वतःच्या हाताने बसवला. परत आला तेव्हा मी दारातच गाठलं. “सांगितलंस?”

“चालू आहे ताई त्यांचं. काकूंनी खेळून दाखवलं. चहा केला काकांनी. चालू असलेल्या वस्तूबद्दल काय सांगायचं?”

“लाज वाटते का काही?”

“वाटते,” तो म्हणाला आणि मान खाली घालून आत गेला. एवढं प्रामाणिक उत्तर मला अपेक्षित नव्हतं, त्यामुळे पुढची शिवी माझ्या तोंडातच राहिली.

आठवडाही गेला नसेल, काका आमच्या दारात. हातात तोच टॉवेल. बसायलाही तयार नाहीत.

“अरे, तुझीच माफी मागायला आलोय. तू नीट आणून लावलास, आणि आमच्याकडे गेला बघ. ही खेळत होती, दांडा जोरात ओढला म्हणते, आणि सगळं काळं. मी किती समजावलं की दांड्याने बोर्ड जळत नाही, पण पटतच नाही तिला. म्हणते, ह्या मेल्या हाताने चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं. आता चमचा पुन्हा डाव्या हातात. उजवा हात शालीखालून बाहेरच काढत नाही. तू बघशील का एकदा? तुझ्याशिवाय कुणाकडे जाऊ?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता तरी बोलेल. भावाने दोन्ही हातांनी बोर्ड घेतला आणि म्हणाला, “बघतो काका.” काका जिना उतरून जाईपर्यंत मी दात आवळून बसले होते. मग मात्र मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने एका जुन्या बोर्डातून चिप काढली आणि ती सोल्डरिंग करून जोडायला बसला. ह्या वेळी मीटर लावला. पुन्हा लावला. पुन्हा पुन्हा लावत राहिला.

बोर्ड बरा झाला. “ताई, तू देऊन येतेस?”

“तुझे पाय मोडलेत का?”

दोघं गेलो. त्याने बोर्ड बसवला, चित्र आलं, विमान आलं. काकांनी टाळीच वाजवली. “बघ गं, झालं! ये, बस.” काकू लांबच्या खुर्चीत, उजवा हात शालीत. “नको. पुन्हा मोडेल माझ्या हातून.”

“अगं ह्याने केलंय. ह्याच्यासारखा प्रामाणिक कारागीर...”

“काका, थांबा,” भाऊ म्हणाला. आणि सुरू झाला. पिना कशा काळ्या पडतात, स्क्रू कशासाठी असतो, वीज कशी कमी पोचते. काकूंची जीभ अजून थोडी जड होती, पण धार गेलेली नव्हती. “सरळ बोल रे.”

“बोर्ड मी जाळला, काकू. माझ्या घरी. वीज न मोजता लावला. तो जाणार हे मला कळत होतं, तरी तसाच आणून बसवला. तुमच्या हाताचा काही संबंध नाही.”

काकांनी चष्मा काढला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“आणि चहा प्यायलास,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“मी ह्या हाताला रोज काय काय बोलले, माहितीये तुला? तोडून टाका म्हणाले ह्यांना.”

“काकू, माफ करा मला.”

“माझी कशाला मागतोस?” काकूंनी डाव्या हाताने उजवा हात शालीतून उचलून बाहेर काढला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. बोटं पुन्हा आत वळली होती. “शिव्या ह्याने खाल्ल्या. ह्याची माग.”

मला वाटलं थट्टा करतायत, त्यांचा स्वभावच तसा. पण त्या हसत नव्हत्या. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मग तो टेबलाजवळ गुडघ्यांवर बसला, त्या हातासमोर, आणि काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने,” काकू म्हणाल्या.

“चुकलो,” भाऊ म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. हात तसाच टेबलावर पडून होता. आणि भावाला ऊठ असं कुणीच म्हणालं नाही, मीही नाही.